घरातील व्यक्तीचे जुगाराचे व्यसन उघडकीस आल्यावर काय करावे: नागपूरच्या कुटुंबांसाठी पायरीवार मार्गदर्शन

घरातल्या माणसाचा जुगार बहुधा कर्जाच्या रूपानेच उघडकीस येतो. दारात वसुलीचा माणूस येऊन उभा राहतो, कपाटातले दागिने जागेवर नसतात किंवा कुठल्या तरी कर्जाच्या अ‍ॅपचा फोन थेट सासऱ्यांना जातो. मग सगळे घर पैशांच्या जुळवाजुळवीला लागते आणि ज्या आजारामुळे हे सारे घडले त्याकडे पाहायला कोणाला सवड उरत नाही. माझ्या धाकट्या भावाला क्रिकेटच्या सट्ट्याचे व्यसन जडले, त्या निमित्ताने आमचे कुटुंब या सगळ्यातून गेले. डॉक्टर, बँका, वकील आणि स्वमदत गट यांच्याकडे त्याच्याबरोबर जाताना जे समजले, ते त्याच्या संमतीने येथे क्रमवार मांडत आहे.

हा लेख मुख्यतः घरच्यांसाठी आहे. स्वतः खेळणारी व्यक्ती तो वाचत असेल, तर तिने हीच पावले घरातला एखादा विश्वासू माणूस सोबत घेऊन उचलावीत. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. कर्ज फेडून देणे हा या आजारावरचा उपचार नाही. मानसोपचारात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी चार आढळली तर निदान होते. त्या नऊ लक्षणांतले एक असे आहे, की जुगारामुळे आलेल्या आर्थिक संकटातून सुटण्यासाठी माणूस इतरांच्या पैशांवर विसंबून राहतो. आपण ज्याला मदत म्हणतो, ती डॉक्टरांच्या यादीत अशी लक्षणाच्या रकान्यात सापडते.

सोबत ठेवायची कागदपत्रे

पुढे वेगवेगळ्या ठिकाणी हीच कागदे लागतात, म्हणून एकच फाईल करून ठेवावी.

- आधार कार्ड व पॅन कार्ड, आणि त्यांच्या दोन-तीन छायाप्रती
- सर्व बँक खात्यांचे मागील बारा महिन्यांचे उतारे
- क्रेडिट रिपोर्ट
- कर्जाचे करार, दागिने तारण ठेवल्याच्या पावत्या, दिलेल्या धनादेशांचे क्रमांक
- सध्या सुरू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या, इतर आजारांच्या औषधांसह
- आरोग्य विम्याची पॉलिसी
- धमकीचे संदेश आले असल्यास त्यांचे स्क्रीनशॉट, तारीख व वेळ दिसेल असे

१. आधी जिवाला धोका आहे का, ते विचारा

जुगार उघड झाल्यानंतरचे दिवस या आजारातले सर्वांत धोक्याचे असतात. लाज, भीती आणि मोठी रक्कम यांचा भार एकदमच अंगावर येतो. अशा वेळी 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक माणसे कोणीतरी विचारले म्हणून मोकळी होतात. उत्तर होय असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. घरात फवारणीचे औषध असेल, आणि शेती असलेल्या घरात ते बहुधा असतेच, तर ते त्याच दिवशी दुसरीकडे हलवावे. टेली-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते. तातडीच्या वेळी ११२ लावावा किंवा थेट मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, अपघात विभागात न्यावे. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

२. घाईघाईने एक रुपयाही फेडू नका

घरचे लोक पहिल्या दोन दिवसांत प्लॉट विकायला निघतात किंवा काकांकडून उसने आणतात. ते थांबवावे. उघडकीस आलेली पहिली रक्कम ही सहसा पूर्ण रक्कम नसते. विकाराचाच भाग म्हणून माणूस लपवतो, आकडा कमी सांगतो; त्याला खोटारडा म्हणून मोकळे होण्यात काही हशील नाही. शिवाय ओझे अचानक उतरले की हाताशी पुन्हा पत तयार होते, बुकी पुन्हा उधार देतो आणि 'एकदाच खेळून सगळे काढून घेतो' हा विचार डोके वर काढतो. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे हे या व्यसनाचे इंजिन आहे आणि त्याला इंधन बाहेरूनच मिळते.

काही उपाय घरोघरी सुचवले जातात, त्यांच्याविषयी स्पष्टच लिहितो. देवासमोर शपथ घालून व्यसन सुटत नाही. शपथ मोडली की अपराधीपणा तेवढा वाढतो आणि तो विसरण्यासाठी पुन्हा खेळ सुरू होतो. 'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल' हा सल्ला तर एका घराचे संकट दोन घरांवर टाकणारा आहे. 'हरलेले पैसे परत मिळवून देतो' असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे लोक मोबाइलवर हमखास गाठतात. तो निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे.

३. देण्यांची पूर्ण यादी करा

लांब वही घ्यावी आणि बँकेचे उतारे समोर ठेवून एकेक ओळ वाचावी. आमच्या घरी आई लाल पेन घेऊन बसली होती आणि तिला बँकेतले काही कळत नसूनही नमुना पहिल्यांदा तिच्याच लक्षात आला. सामन्यांच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर पाचशे, हजार, दोन हजार अशा गोल रकमा निघत होत्या, आणि दर दोन-चार दिवसांनी त्या वेगळ्याच नावाच्या खात्यात जात होत्या. कधी कुठल्या ट्रेडर्सच्या, कधी कुठल्या मोबाइल शॉपीच्या. 'आयडी', म्हणजे सट्ट्याच्या संकेतस्थळाचे लॉगिन, देणारे बुकी पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरवतात.

यादीत चार रकाने करावेत: कोणाला, मूळ रक्कम किती, कागद काय आहे, सही कोणाची आहे. बँका व नोंदणीकृत वित्तीय कंपन्यांची कर्जे क्रेडिट रिपोर्टमध्ये सापडतात. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांनी, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क यांनी, वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. निदान दोन कंपन्यांचे अहवाल काढावेत, कारण लहान अ‍ॅपवरचे एखादे कर्ज एका अहवालात नसले तरी दुसऱ्यात दिसू शकते. सावकार, मित्र, कार्यालयातील सहकारी आणि पतसंस्था यांची देणी मात्र त्या व्यक्तीला विचारूनच कळतात. ती एका बैठकीत निघत नाहीत. वहीत शेवटची काही पाने कोरी ठेवावीत.

४. पैशाच्या किल्ल्या काही काळ दुसऱ्याकडे द्या

उपचार सुरू होण्याची वाट न पाहता हे काम आधी करावे, आणि ते त्या व्यक्तीच्या संमतीनेच करावे. तिचे खाते चोरून वापरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याने उरलासुरला विश्वासही जातो. संमती मिळवण्यासाठी 'कायमचे' असा शब्द न वापरता सहा महिन्यांची मुदत लेखी ठरवावी.

पगार खात्यात जमा होतो त्याच तारखेला तो पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात वळता करण्याची स्थायी सूचना बँकेला देता येते. डेबिट कार्डावरचे ऑनलाइन व आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतात. क्रेडिट कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. ते कपाटात ठेवून भागत नाही, कारण क्रमांक पाठ असतो. दागिने, सातबारा, प्लॉटचे कागद आणि कोरे धनादेश लॉकरमध्ये ठेवावेत व लॉकर दोघांच्या सहीनेच उघडेल अशी व्यवस्था करावी. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, तोही बदलावा.

यूपीआयच्या बाबतीत लोक फसतात. एका अ‍ॅपमधून नोंदणी काढली तरी दुसऱ्या अ‍ॅपमधून तेच खाते पाच मिनिटांत जोडता येते. ही जोडणी बँकेकडे नोंदलेल्या सिमवरून होते, म्हणून ते सिम काढून घरच्यांकडे राहणाऱ्या साध्या फोनमध्ये घालणे हा आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय होता. आधारशी जोडलेला क्रमांकही तोच असल्यास अ‍ॅपवरून झटपट कर्ज काढण्याची वाटही बरीचशी बंद होते. रोजचा खर्च रोख द्यावा आणि संध्याकाळी हिशेब पाहावा. हिशेब विचारताना उलटतपासणीचा सूर नको. पेट्रोल किती, चहा किती, एवढेच विचारून वही मिटावी.

आणखी एक धोका सांगतो. बुकीकडून जिंकलेली रक्कम ज्या खात्यांतून येते, त्यांतील पैसा अनेकदा सायबर फसवणुकीचा असतो. अशी रक्कम जमा झाल्यामुळे दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून आपले पगाराचे खाते गोठवले जाऊ शकते. आपले खाते किंवा सिम बुकीला भाड्याने दिले असेल, तर ती बाब घरात न ठेवता तातडीने वकिलाला सांगावी.

५. मोबाइल आणि माणसे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि नामांकित फँटसी व रमी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना व त्याची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. एवढ्याने प्रश्न मिटला असे मात्र समजू नये. परदेशी संकेतस्थळे नावे बदलून येत राहतात, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून 'आयडी' मिळतो, आणि सट्टापट्टी व पत्त्यांचे अड्डे तर कुठल्याच अ‍ॅपवर अवलंबून नव्हते. अड्ड्यांना १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि तेथे सापडणाऱ्या खेळाडूवरही कारवाई होते.

बेटब्लॉकर हे मोफत अ‍ॅप जुगाराची हजारो संकेतस्थळे अडवते. ते घालून त्याची मुदत जास्तीत जास्त ठेवावी. टिप देणारे सर्व चॅनेल व गट सोडावेत, बुकीचा क्रमांक ब्लॉक करावा. खरे कठीण काम त्यापुढचे आहे. ज्या चार मित्रांबरोबर रोज संध्याकाळी चहाच्या ठेल्यावर बसणे होते, तेच मित्र सट्ट्याचेही सोबती असतात, आणि त्यांना तोडणे म्हणजे माणसाला संध्याकाळी एकदम एकटे पाडणे. त्या वेळेला दुसरे काही ठरलेले नसेल तर कोणतेही अ‍ॅप त्याला घरात धरून ठेवू शकत नाही. माझा भाऊ सामन्याच्या संध्याकाळी फोन घरी ठेवून अंबाझरीकडे चालायला जाई आणि नाणेफेकीची वेळ टळून पहिला डाव अर्धा झाल्यावरच परते.

६. मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिली भेट

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जुगाराचा विकार व्यसनाधीनतेच्या गटातच नोंदलेला आहे आणि तो मानसोपचार विभागात रीतसर तपासला जातो. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले मेडिकल, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचे मेयो, आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. त्या नावाला लोक बिचकतात, पण तेथे केसपेपर काढणे म्हणजे भरती होणे नव्हे. खासगी तज्ज्ञ धंतोली व रामदासपेठ भागांत बरेच आहेत.

सरकारी रुग्णालयात सकाळी लवकर जावे. केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, आणि बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद होतो. पहिल्या भेटीत खालील गोष्टी न विचारताही सांगाव्यात, कारण गर्दीत त्या राहून जातात:

- कोणता जुगार, केव्हापासून, आठवड्यातून किती वेळा, सर्वांत मोठी एका दिवसातली रक्कम
- दारू, खर्रा, झोपेच्या गोळ्या यांचे प्रमाण
- झोप, भूक, निराशा आणि आत्महत्येचे विचार
- पार्किन्सनसाठी किंवा अन्य मानसिक आजारासाठी सुरू असलेली औषधे

शेवटचा मुद्दा अनेकांना अनपेक्षित वाटेल. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी पार्किन्सनची औषधे आणि अ‍ॅरिपिप्राझोल यांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. निवृत्तीनंतर अचानक जुगार खेळू लागलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या बाबतीत ही शक्यता डॉक्टरांपुढे अवश्य ठेवावी. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

जुगार सोडवणारी अशी खास गोळी नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा दारूचे व्यसन असेल तर त्यावर औषधे देतात, आणि काही रुग्णांना ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन दिले जाते. तो निर्णय तज्ज्ञांचा. मुख्य उपचार बोलण्याचा आहे.

येथे एक इशारा द्यायला हवा. रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी आणि महिनोन्‌महिने कोंडून ठेवणारी खासगी 'व्यसनमुक्ती केंद्रे' अस्तित्वात आहेत आणि हतबल कुटुंबे त्यांना पैसे देतात. मानसिक आजारासाठी दाखल करून घेणाऱ्या संस्थेला कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे, आणि रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर त्यासाठी वैद्यकीय तपासणीसह ठरलेली प्रक्रिया आहे. अशी पहिली भरती तीस दिवसांपुरतीच असते. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवत नसलेल्या जागी माणूस सोपवू नये. शिवाय जुगाराच्या बहुतेक रुग्णांना भरतीची गरजही पडत नाही.

७. थेरपीत नेमके काय होते

थेरपी म्हणजे उपदेश ऐकणे अशी समजूत असल्याने पुष्कळ जण दुसऱ्या भेटीलाच जात नाहीत. प्रत्यक्षात ते गृहपाठाचे काम आहे. जुगारासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात. आठवड्यातून एकदा पाऊण तासाचे सत्र आणि अशी साधारण आठ ते बारा सत्रे, हा त्याचा नेहमीचा आवाका असतो. थेरपिस्ट निवडताना त्यांची चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारावे. हा प्रश्न विचारल्याने कोणताही पात्र माणूस रागावत नाही.

पहिली काही सत्रे ओढीची नोंदवही लिहिण्यात जातात. भावाच्या वहीतली एक नोंद त्याच्या परवानगीने देतो: 'शनिवार, सव्वासात. पगार कालच झाला. घरी एकटा. मित्राचा मेसेज, आज पक्की टिप आहे. ओढ दहापैकी आठ. आंघोळ केली, ताईला फोन केला. आठ वाजता ओढ तीन.' अशा पंधरा-वीस नोंदी जमल्या की ओढ कोणत्या वेळी, कोणत्या प्रसंगाने चढते आणि न खेळताही ती उतरते, हे माणसाला स्वतःच्याच अक्षरात दिसते. मला वाटते, त्याला सावरणारे पहिले काही असेल तर ते हेच पान होते.

त्यानंतर विचारांतल्या चुका तपासल्या जातात. सलग पाच वेळा छापा आला म्हणून सहाव्या वेळी काटा येण्याची शक्यता वाढत नाही, हे शाळेतल्या मुलालाही पटते. पण सलग पाच सामने हरलेल्या माणसाला सहावा आपलाच आहे असे आतून वाटत असते. एका धावेने हुकलेली पैज ही हारच असूनही मेंदू ती जवळजवळ जिंकल्यासारखी नोंदवतो आणि खेळ पुढे चालू ठेवतो. जिंकलेले लख्ख आठवते, हरलेले धूसर होते. वहीतले खरे आकडे समोर ठेवून थेरपिस्ट हे एकेक विचार तपासायला लावतात. क्रिकेटचे आपल्याला फार कळते, हा अभिमान सोडणे सर्वांत अवघड जाते. त्या विषयावर घरच्यांनी वाद घालू नये, तो थेरपिस्टवर सोडावा.

एखाद-दुसऱ्या सत्राला घरच्यांना बोलावतात. तेथे जुने हिशेब काढण्याची तीव्र इच्छा होते. ज्या पत्नीचे स्त्रीधन गेले तिचा राग खोटा नसतो, आणि तिला स्वतःसाठी वेगळे समुपदेशन मिळायला हवे. 'तू समजून घे' एवढे सांगून तिची बोळवण करणे हा उघड अन्याय आहे.

८. गटाचा आधार

गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे जीए, हा स्वमदत गट १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बारा पायऱ्यांवरच बेतलेला आहे. सदस्यत्वासाठी जुगार सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असते. शुल्क नाही, आडनाव सांगावे लागत नाही. बैठकीत एकेक जण स्वतःविषयी बोलतो, मध्ये कोणी सल्ला देत नाही. जीएच्या बैठका ऑनलाइनही होतात, त्यामुळे जवळ गट नसला तरी अडत नाही. पहिल्यांदा नुसते ऐकत बसले तरी चालते. बारा पायऱ्यांतील 'ईश्वर' हा शब्द ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी हा वैज्ञानिक पद्धतीवर आधारलेला पर्याय आहे. कुटुंबीयांसाठी गॅम-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात.

एएच्या खुल्या बैठकांना कोणालाही बसता येते. जुगाराच्या गटात जाण्याचा संकोच वाटत असेल तर आपल्या शहरातील एएची एखादी खुली बैठक आधी पाहून यावी, म्हणजे वातावरणाची कल्पना येते. थेरपी काही महिन्यांनी संपते, गट पुढे चालू राहतो, आणि रात्री अकराला फोन उचलणारा माणूस गटातच मिळतो. मात्र गटातील कोणी औषधे बंद करायला सांगितले किंवा उसने पैसे मागितले, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

९. आता देणी

उपचार सुरू होऊन पैशाची व्यवस्था बसली की मगच फेडीचा आराखडा करावा. सगळी देणी एका पातळीवरची नसतात.

बुकीचे देणे कायद्याने वसूल होऊ शकत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच रद्दबातल असतो. तरीही तो माणूस दमदाटी करू शकतो, म्हणून एकट्याने बोलणी करायला जाऊ नये. धमकी आली तर पुराव्यासह पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. सावकाराकडे परवाना आहे का, ते विचारावे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. सावकाराकडे सही केलेला कोरा धनादेश असेल, तर बँकेला 'पेमेंट थांबवा' असे सांगून निश्चिंत होऊ नये. धनादेश न वटल्याची नोटीस आल्यास पंधरा दिवसांची मुदत असते, त्या आत वकिलाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

बँका व वित्तीय कंपन्यांना लेखी पत्र देऊन हप्त्यांची फेररचना मागावी. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कंपनीने तक्रारीचे तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोंदणी नसलेल्या कर्ज-अ‍ॅपने छायाचित्रे बदलून धमकावले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवावे. आणि ज्या कर्जावर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नाही, ते पतीचे किंवा भावाचे आहे म्हणून आपोआप तुमचे होत नाही. दबावाखाली नवी सही तेवढी करू नका.

फेड खेळणाऱ्याच्याच कमाईतून, लहान हप्त्यांत व्हावी. घरच्यांना मदत करायचीच असेल तर रक्कम त्याच्या हाती न देता ज्याचे देणे आहे त्याला थेट द्यावी आणि पावती फाईलला लावावी.

१०. घसरण आणि सणवार

मध्येच पुन्हा खेळले जाणे हे या आजारात नवल नाही. तसे झाले तर चोवीस तासांच्या आत सांगायचे, ऐकणाऱ्याने ओरडायचे नाही आणि त्याच आठवड्यात थेरपिस्टची भेट घ्यायची, एवढे तीन नियम आधीच ठरवून ठेवावेत. लपवलेली घसरण महिनाभरात माणसाला पुन्हा जुन्या व्यसनात नेते.

काही दिवसांची तयारी कॅलेंडर पाहून आधीच करावी. आयपीएलचे दोन महिने, पगाराचा आठवडा आणि दिवाळीतले पत्ते हे सर्वांना ठाऊक असतात. विदर्भात त्यांत पोळ्याची भर पडते. पोळा आणि त्याचा पाडवा या दिवसांत पत्त्यांचे डाव बसतात आणि 'आज खेळलेच पाहिजे, परंपरा आहे' असे म्हणायला घरातली मोठी माणसेही कमी करत नाहीत. गावाकडे जाणार असाल तर मामा-काकांना आधी फोन करून सांगावे. पूर्ण कारण सांगायचे नसेल तर 'डॉक्टरांनी मनाई केली आहे' एवढे पुरते. भाऊ पहिल्या वर्षी गावी गेलाच नाही. पाडव्याला पुतण्यांना घेऊन महालात बडग्या-मारबतीची मिरवणूक पाहून आला.

११. पैशाच्या किल्ल्या परत देताना

सहा महिन्यांची मुदत संपली की थेरपिस्टच्या सल्ल्याने एकेक किल्ली परत द्यावी, सर्व एकदम देऊ नये. आधी घरखर्चाचे एक लहान खाते आणि त्यावर कमी मर्यादेचे डेबिट कार्ड द्यावे. तीन महिने उतारे नीट राहिले तर यूपीआय, तेही वेगळ्या खात्याला जोडलेले आणि दिवसाची मर्यादा बँकेकडून उतरवून घेतलेले. पगाराच्या खात्याची स्थायी सूचना सर्वांत शेवटी काढावी. क्रेडिट कार्ड व कर्ज-अ‍ॅप पुन्हा सुरू करू नयेत. क्रेडिट रिपोर्ट दर वर्षी दोघांनी मिळून काढावा आणि फाईलमध्ये जुन्याच्या वर लावावा.